खोबरं येतंय का?

आमचे साडू बसलेले आहेत असा एकही फोटो उभ्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांच्या लग्नाचा फोटो मी नीट निरखून पाहिलाय. ताई पाटावर बसलीय, भटजी बसलेत, मागे करवल्यासुद्धा बसल्यात, आणि नवरदेव मात्र पाटापासून वीतभर वर उचललेले. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती सांगते, "सप्तपदीला भटजी सात पावलं बोलले, ह्यांनी चारांत उरकली." जेवतात तेही उभ्याने. ताट डाव्या हातावर घ्यायचं आणि समुद्रकाठच्या मुरबे गावातल्या त्यांच्या घरात ओटीपासून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालायच्या. पहिल्या खेपेत भाकरी, दुसऱ्या खेपेत भात, तिसऱ्या खेपेला हात धुऊन मोकळे. पाहुण्याला वाटावं, घरात काहीतरी हरवलंय आणि हा माणूस जेवता जेवता ते शोधतोय. बोईसरचा एक न्हावी तर त्यांना लांबून बघितलं की दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतो. एकदा अर्धी दाढी झालेली, दुसऱ्या गालाला फेस, आणि हे गळ्यातल्या कापडासकट खुर्चीवरून उठले, स्कूटरला किक मारली आणि गेले. का, तर "ताटं हलवायची राहिली." ते कापड न्हाव्याला अजून परत मिळालेलं नाही.

ही ताटं बुरशीची. होय, बुरशीचीच, तुम्ही बरोबर वाचलंत. भाकरीला आली की आपण जी तोंड वाकडं करून फेकून देतो ती बुरशी आमच्या साडूंनी पाळलेली आहे. लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात, हौशी असले तर काचेच्या पेटीत मासे पाळतात. मुरब्यात राहून मासे पाळण्यात काही अर्थ नाही हे मान्य, पण म्हणून बुरशी?

त्याचं असं झालं. साडू तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काढ्याच्या कंपनीत ऑपरेटर. कंपनीचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, आम्ही घरात काढ्याची कंपनीच म्हणतो. तिथे मोठमोठ्या टाक्यांत मुळ्या, साली, पाला उकळून औषधांसाठी अर्क काढतात. अर्क पिंपांत भरून जातो आणि मागे उरतो चोथा. तो मागच्या भिंतीला ढिगाने पडतो, तिथेच कुजतो, आणि येणारा जाणारा नाक धरून तिथून सटकतो. सातएक वर्षांपूर्वी एका सकाळी आमचे साडू तिथून जाताना चक्क थांबले. त्या ढिगातून ओल्या खोबऱ्याचा वास येत होता. नारळ आत्ता फोडून किसायला घ्यावा तसा. त्यांनी ढीग उकरला तर आत हिरव्या बुरशीचा हातभर पट्टा. शेतकरी रोपांच्या मुळांना ट्रायकोडर्माची पावडर लावतात ना, तिच्याच भाऊबंदांतली ही. साडूंनी जेवणाचा डबा शेजारच्याच्या हातात रिकामा केला आणि त्यात ती बुरशी भरून घरी आणली.

त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. "साडूभाऊ," ते मला म्हणायचे, "बिस्किटात, साबणात खोबऱ्याचा जो वास घालतात ना, तो सगळा काय नारळातून येत नाय. बराचसा रसायनं एकात एक घालून कारखान्यात बनवतात. आणि ही बया तोच वास कचरा खाऊन देते! सांग, तुझ्या ओळखीत आहे असं कोणी?" मी कारकून माणूस. माझ्या ओळखीत असं कोणी नव्हतं.

मग त्यांनी विद्या वाढवली. कंपनीतल्या लॅबवाल्यांना विचारून, मोबाईलवर काय काय वाचून, ताटंच्या ताटं नासवून. चोथ्यात भाताचा कोंडा मिसळायचा, ताईच्या मोदकपात्रात वाफवायचा, गार झाला की जुन्या ताटातली चिमूटभर बुरशी त्यात कालवायची आणि वर ओलं फडकं घालायचं. दह्याला विरजण लावतो त्यातलाच प्रकार. पण दही बिचारं एका जागी गप लागतं. ही बुरशी वाढताना तापते, म्हणून दर सहा तासांनी ताट हलवा, वारा घाला. दर चार दिवसांनी नवं ताट, त्यात जुन्यातली चिमूट. गणपती असो, शिमगा असो, खंड नाही. साडूंच्या अंगात आधीच भिंगरी होती, तिला आता निमित्त मिळालं.

दातिवऱ्याला माझ्या चुलतभावाच्या लग्नात हे बुरशीचा डबा काखेत मारून आले, कारण ताट बदलायचा नेमका तोच दिवस. नवरीच्या आत्याला वाटलं, आहेरच आहे. तिने लाडाने डबा काढून घेतला, उघडला, आणि जी किंचाळली की बँडवाल्यांनी मध्येच वाजवणं थांबवलं. साडू हात जोडून म्हणाले, "घाबरू नका आत्याबाई, वास घ्या. खोबरं येतंय का?" आत्याबाईंनी पदराआडून नाक पुढे केलं आणि डोळे मोठे केले. "अगोबाई! खरंच की हो! ताजं खोबरं!" त्या दिवशी अक्षता कमी आणि डबा जास्त फिरला.

"खोबरं येतंय का?" हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारायचा ठेवला नाही. पोस्टमनला विचारला. मुरब्याच्या धक्क्यावर जाळी शिवत बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारला. वसाहतीच्या रस्त्यावर पाळीला निघालेल्या कामगारांना अडवून विचारायचे, "सूंघो, सूंघो, नारियल आता है क्या?" आणि तो घाईतला माणूस सायकल न थांबवता ओरडायचा, "आता है चाचा, आता है! जाने दो, पंचिंग है!"

सगळ्यात मोठा बळी मी. साडू पहिल्या पाळीला सरावलीवरून जातात आणि सरावलीत माझं घर आहे, भोग आपले. मला आयुष्यात एकच व्यसन आहे, झोप. सकाळी सहाला बेल वाजायची. बायको दार उघडायची, साडू चपला न काढता आत, डबा थेट माझ्या उशीपाशी. "साडूभाऊ, खोबरं?" मी डोळे न उघडता म्हणायचो, "येतंय, भाऊ, येतंय." की चालले. पाच वर्षं माझी सकाळ एका खोट्या नाहीतर खऱ्या 'येतंय'ने उजाडली. कधी खरं होतं आणि कधी खोटं, याचा हिशेब मी ठेवला नाही. इथेच माझं चुकलं, पण त्याकडे येतो.

आता ताई. तिचा जन्म मासे सुकवण्यात गेला. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील, खळ्यावर जवळा, आणि पावसाच्या आधी सगळा माल पत्र्याच्या डब्यांत, झाकणाला कापडाची चिंधी घट्ट. तिच्या धंद्याला शत्रू एकच, बुरशी. मालात जराशी वल राहिली की ती आलीच, आणि एका डब्यात आली की दहा डबे गेले. "आख्खा जलम मी तिला हाकलली," ताई म्हणायची, "नि ह्यांनी तिला घरात आनून निजवली." सवत आली असती तरी तिने एवढा त्रागा केला नसता. शेवटी अंगणात एक दोरी बांधली गेली. दोरीच्या अलीकडे ताईचे बोंबील, पलीकडे साडूंची ताटं. वारा पलीकडून सुटला की ताई ओट्यावरून ओरडायची, "झाका ती तुमची अवदसा!" आणि तिच्या नाकाबद्दल काय सांगू? बंद डब्यावरून वास घेऊन ती सांगते, आतला जवळा कुठल्या महिन्यातला. पण साडू अख्ख्या जगाला डबा हुंगवायचे आणि तिला कधीच नाही. म्हणायचे, "ती वैरी पक्षाची. तिचं मत धरायचं नाय."

यामागे एक दुखणंही होतं. साथीच्या साली साडू तापाने पडले आणि पंधरा दिवस पालघरला दवाखान्यात होते. जाताना एक डबा त्यांनी माझ्याकडे पाठवला, आणि आठ ताटं अंगणात ताईच्या भरवशावर राहिली. फोनवर धाप लागलेली असताना माणूस काय बोलला? "ताटं हलवा." परत आले तर अंगण स्वच्छ धुतलेलं, ताटं घासून पालथी घातलेली. माझ्याकडचा डबा घेऊन पुन्हा पहिल्यापासून लागले. मात्र तेव्हापासून चारचौघांत म्हणायचे, "मी मरणाच्या दारात, आणि हिने माझी आठ ताटं फेकली." ताई तेव्हा मान खाली घालून बोंबील निवडत राहायची.

त्या तापानंतर साडूंची वणवण आणखी वाढली. काही गोष्टी चमत्कारिक होत्या, पण चमत्कारिक माणसाच्या चमत्कारिक गोष्टी कोण मनावर घेतो? चुलीवरचं दूध करपून काळं झालं तरी हे शेजारी उभे राहून मोबाईल वाचतायत. खराब झालेली कोलंबी यांनी हसत खाल्ली आणि दोन दिवस आडवे झाले. आम्ही म्हणायचो, लक्ष नाही, सगळं चित्त त्या बुरशीत.

गेल्या वर्षी साडूंच्या निवृत्तीची तारीख जवळ आली आणि ते सैरभैर झाले. ऑपरेटर म्हणून गेटच्या आत जाता येत होतं, चोथा आणता येत होता. उद्या बाहेर पडल्यावर कोण आत घेणार? चोथा नाही तर बुरशी नाही. त्यांनी साहेबांपाठी लकडा लावला, अर्ज केले, आणि अखेर लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "काका, मी स्वतः येऊन बघते. खरंच वास येत असेल तर मागची पत्र्याची शेड तुम्हाला मिळवून देते. रिटायर झाल्यावरही या." रविवार ठरला. साडूंनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. "तू रोज वास घेतोस. तुझ्यासारखा साक्षीदार नाय."

आता खरं सांगायचं तर गेले दोनेक महिने मला त्या डब्यातून खोबरं येत नव्हतं. ओल्या मातीसारखं, पोत्यासारखं काहीतरी यायचं. एक-दोनदा वाटलं सांगावं. पण सकाळी सहाला, डोळ्यांवर झोप असताना, 'नाही' म्हटलं तर पुढे तासभर 'का नाही?' आलं असतं. 'येतंय' म्हटलं की दोन मिनिटांत सुटका. मी सुटका निवडली. आणि पुढे कळलं, पोस्टमनने, जाळीवाल्या म्हाताऱ्यांनी, सायकलवाल्यांनी, सगळ्यांनी तीच निवडली होती.

मॅडम आल्या. तरुण, साधी मुलगी. साडूंनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, अंगणात दोरीच्या पलीकडे आठ ताटं मांडलेली, आणि ते त्यांच्याभोवती गरगर फिरतायत. मॅडमनी पहिलं ताट नाकाजवळ नेलं. दुसरं नेलं. मग तिसरं, जरा जास्त वेळ. मग हळूच म्हणाल्या, "काका, वाढ छान आहे. पण वास... वास नाहीये."

साडू हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "साडूभाऊ, सांग यांना. परवाच तर म्हणालास, येतंय."

मी जमिनीकडे बघितलं. "भाऊ," मी म्हणालो, "नव्हता येत. दोन महिने नव्हता. मी आपलं... तुम्हाला बरं वाटावं म्हणून." तेही खोटंच होतं. मला झोपायचं होतं म्हणून.

साडू उभे राहिले. म्हणजे नुसते उभे, पाय न हलवता. त्यांना तसं मी कधीच पाहिलं नव्हतं आणि मला फार भीती वाटली. मग ते मॅडमना म्हणाले, "मला वास येत नाय, मॅडम. तापात नाक गेलं ते गेलं. पाच वर्षं झाली. घरात पण सांगितलं नव्हतं. लोक म्हणतात येतंय, म्हणून मी धरून चाललो येतंय."

आत्ता कळलं, तो माणूस एवढी पाच वर्षं दारोदार का हिंडत होता. आम्ही त्याला फुशारकी समजत होतो. तो बिचारा नाक मागत फिरत होता, आणि आम्ही नातेवाईक, शेजारीपाजारी त्याला वाटेला लावत होतो. शरमेने मेल्याहून मेलो मी.

ओट्यावरून ताईचा आवाज आला. "मी दोन म्हयने सांगतेय, तो वास गेला म्हनून. वैऱ्याचं कोन ऐकतंय?"

मॅडम खाली उकिडव्या बसल्या आणि त्यांनी नीट समजावलं. दर चार दिवसांनी नव्या ताटात, पुन्हा नव्या ताटात, अशी सारखी पळवत ठेवली की बुरशी हळूहळू आपला गुण विसरते. वाढते, पण वास देत नाही. "हिला मध्ये विश्रांती द्यायला हवी होती, काका. पहिल्यातली थोडी सुकवून बाजूला ठेवायची असते. सुकली की ती मरत नाही, झोपते. मूळची काही ठेवलीय का तुम्ही?"

"होती," साडू म्हणाले. "आठ ताटं होती. हिने फेकली."

ताई उठली. हात पदराला पुसले. आत गेली, आणि माळ्यावर शिडी लावल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती जवळ्याचा एक पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली. झाकणाला चिंधी घट्ट, तिच्या नेहमीच्या पद्धतीने. तिने तो दोरीच्या पलीकडे नेऊन साडूंच्या पायाशी ठेवला. आत हिरवट करडा, कुरकुरीत सुकलेला चोथा.

"तुमी दवाखान्यात होतात," ती म्हणाली, "फोनवर सारखे ताटं हलवा, ताटं हलवा. मना ती हलवायची कशी ते काय ठावं? मना येतं एकच. सुकवायचं. माझ्या मालावर उडाय नको म्हनून पातळाखाली सावलीत सुकवली, डब्यात भरली नि वर ठेवली. तुमी जीव लावलेला माल, फेकीन कशी मी?"

"मग बोलली का नाहीस?" साडूंनी विचारलं.

"तुमी इचारलं कवा? आल्या आल्या फेकली म्हनून मोकळे झालात. मंग मना पन राग आला." असं म्हणून ती पुन्हा बोंबील निवडायला बसली, आणि डोळे मात्र पुसत होती.

मॅडमनी त्यातली चिमूट घेतली, चिमूट साडूंना ताज्या चोथ्यात लावायला सांगितली, आणि म्हणाल्या, आठवडाभर बघू. तो आठवडा आम्ही सगळ्यांनी कसा काढला आमचं आम्हाला ठाऊक. साडू कामावर जाताना माझ्याकडे आले नाहीत. सहाला मी आपोआप जागा व्हायचो आणि बेलची वाट बघायचो. बेल वाजायची नाही. झोप काही परत यायची नाही. चार दिवस ताट नुसतं काळं. इतकी वर्षं डब्यात पडलेली, उठतेय कसली, असं मला वाटायला लागलं होतं. पाचव्या दिवशी बायकोला ताईचा फोन आला, हिरवं धरलंय.

रविवारी आम्ही मुरब्याला गेलो. गल्लीत शिरताना शेजारच्या म्हातारीने ओट्यावरून विचारलं, "तुमच्या ताईकडे नारळीभात हाय काय आज?" मी धावत सुटलो. मी, धावत! अंगणात साडू ताटासमोर उभे होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि दोरी ओलांडून ताट ताईसमोर नेलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

ताईने हातावर लिंबू चोळलं, हात धुतले, कोरडे केले. मग ताट घेतलं आणि डोळे मिटून वास घेतला. तिने मुळीच घाई केली नाही. जवळ्याचा भाव ठरवतानासुद्धा ती इतका वेळ घेत नाही.

"खोबरं," ती म्हणाली.

"नक्की?"

"वलं. किसलेलं. नारळ गोड हाय."

साडूंनी ते ऐकलं, आणि तिच्या शेजारी, बोंबलांच्या ढिगापाशी, ते मांडी घालून खाली बसले.

आता ते निवृत्त झालेत आणि शेड मिळालीय. डब्यातला अर्धा माल मॅडमच्या फ्रीजमध्ये आहे आणि अर्धा ताईने माळ्यावर परत नेऊन ठेवलाय, तिला फ्रीजचा भरवसा नाही. अंगणातली दोरी मात्र अजून आहे. बुरशी ती बुरशीच, ताई म्हणते. मध्ये एकदा शेडमध्ये मी एकटा त्यांच्याबरोबर असताना ते अचानक म्हणाले, "साडूभाऊ, नाक जायच्या आधी मन लावून घेतलेला शेवटचा वास हाच रे. मला तो आठवतो. पण आता खरंच आठवतो, की आठवतो असं मी म्हणतो, ते माझं मलाच कळेनासं झालंय." खोबऱ्याचा वास कसा असतो हे खोबरं सोडून दुसऱ्या कशाने सांगणार?

शेडवर जाताना ते अजूनही सरावलीवरून जातात. सकाळी सहाला बेल वाजते. मी उठून बसतो, तोंड धुतो, डबा हातात घेतो. खोबऱ्याचा वास खरं तर दारातूनच आलेला असतो, अख्ख्या खोलीत भरलेला असतो. पण मी लगेच 'येतंय' म्हणत नाही. खिडकीपाशी जातो, डोळे मिटतो, पुन्हा एकदा वास घेतो, नीट, सावकाश. कारण मी उत्तर देईपर्यंत आमचे साडू समोरच्या खुर्चीत बसलेले असतात.